अठरा बोल्ट आणि दोनशे किलोमीटर

चिपळूणहून बार्शीला बहिणीकडे जायला मला दीड दिवस पुरतो. या वेळी दहा दिवस लागले, आणि त्यातले बहुतेक सगळे मी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत फिरत होतो. परत आल्यावर जो भेटेल तो विचारतो, तिथं बघण्यासारखं काय आहे? मी सांगतो, ऊस आहे. मग तो विषय बदलतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

आधी माझ्याविषयी थोडं सांगतो, म्हणजे पुढे काय चुकलं ते कळेल. मी एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होतो. मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. भाजीत मीठसुद्धा मी सपाट चमच्यानं घालतो, आणि बायको त्यावरून माहेरच्या लोकांसमोर माझी टिंगल करते. माझी डिझेल जीप माझ्या मुलापेक्षा वयानं मोठी आहे. तिच्या मागच्या पेटीत कंपनीचं जुनं माहितीपुस्तक असतं, आणि टॉर्क रेंच असतो. बोल्ट किती जोरानं आवळला ते आकड्यात दाखवणारा हा पाना. ठरवलेला आकडा आला की तो 'खट्' करतो. तो आवाज मला फार आवडतो.

लासुर्णे

फलटणला मुक्काम करून सकाळी निघालो. बारामती ओलांडली, दोन्ही बाजूंना तुरा आलेला ऊस लागला, आणि लासुर्णे दोन-तीन किलोमीटरवर असताना तापमानाचा काटा सरळ लाल रेघेवर जाऊन बसला. मागं पांढरा धूर. मी गाडी कडेला घेतली आणि पाण्याचा कॅन काढला.

"काका, गार पानी वतू नगा! हेड तडकंल!"

दोन रिकाम्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर थांबला होता. कारखान्यावर ऊस खाली करून परत चाललेला हा माणूस म्हणजे विलास, पस्तिशीचा. माझी परवानगी गृहीत धरून त्यानं जीपला दोर बांधला. आमच्याकडे बंद पडलेल्या गाडीभोवती आधी चर्चा होते, मग सल्ले, मग चहा, आणि दोर सगळ्यात शेवटी येतो. इथं दोर आधी आला.

"इंदापूरला न्यावी लागंल," तो म्हणाला. "पर ह्यो दोर तितवर टिकायचा न्हाय. घरी जाड दोर हाय, त्यो घिऊ."

घरासमोर पत्र्याचं शेड होतं. आतल्या भिंतीवर पाने मापाप्रमाणे खिळ्यांना टांगलेले, सगळ्यांवर धूळ, आणि दारात खाटेवर एक सत्तरीचे गृहस्थ. ते विलासचे वडील, तात्या. पंचेचाळीस वर्षं त्यांनी या शेडमध्ये इंजिनं उघडली होती. ते उठले, गाडी निवेपर्यंत नुसते बाजूला उभे राहिले, मग रेडिएटरचं झाकण काढून मला म्हणाले, "मारा स्टार्टर." पाण्यात बुडबुडे आले. मग त्यांनी ऑइलची पट्टी ओढून दाखवली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

"ग्यासकेट गेलंय. हितंच उतरवू."

गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं झाकण, त्याला हेड म्हणतात, या दोघांच्या मधे दाबून बसवलेली पातळ पट्टी. ती जळली की जळता वायू पाण्यात जातो आणि पाणी ऑइलमध्ये. दुरुस्ती अवघड नाही, पण हेड परत बसवताना सगळे बोल्ट सारख्या जोरानं आवळले गेले पाहिजेत. सगळं कौशल्य त्यात आहे.

विलास तिथंच तापला. "तात्या, डाक्टर काय म्हनलाय? जड काम बंद."

"जड तू उचल. मी फकस्त आवळतो."

"त्या हातानं?"

तात्यांनी डाव्या हातानं ऑइलची पट्टी परत खोचली. तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यांचा उजवा हात कोपराखाली नुसता लोंबत होता.

बराच वेळ बापलेकांची बोलाचाली झाली. शेवटी विलासनं अट घातली. "एकच हेड. ही गाडी गळत परत आली, तर ह्या समद्या भिंतीवरचं पानं पोत्यात घालीन आन भंगारात दीन. पुन्यांदा शेड उघडायचं न्हाय. कबूल?"

"कबूल."

हे सगळं माझ्या गाडीवर ठरत होतं आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

रात्री बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण आणि शेंगदाण्याचा ठेचा. वाढता वाढता वहिनींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, सांगितलं ते असं. दीड वर्षापूर्वी तात्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय परत आला, उजवा हात नाही. गिऱ्हाईक आपोआप तुटलं. वर्षभर हा माणूस मागच्या अंगणात एका मेलेल्या ट्रॅक्टरचं हेड डाव्या हातानं रोज सकाळी आवळतो आणि संध्याकाळी सोडवतो.

"मी म्हनलं, अवो त्या मढ्याला किती दिस आवळताय?" वहिनी म्हणाल्या. "तर म्हनं, हात शिकतोय."

मला त्यांचं कौतुक वाटलं. आणि खरं सांगायचं तर माझ्या गाडीची काळजीही वाटली.

बारामती

दुसऱ्या दिवशी हेड उतरलं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधे गॅस्केट बोटभर काळं पडून फाटलं होतं. हेड तापून जरा वाकलं असणार, त्यामुळे ते घासून सपाट करणं भाग होतं. भाजीच्या टेम्पोत हेड, मी आणि फ्लॉवरची पोती असे आम्ही बारामतीला गेलो.

बारामतीचे रस्ते रुंद आहेत आणि गावाला त्याचा सार्थ अभिमान आहे. मला मात्र त्या दिवशी फक्त एक लेथवाला दिसला. त्यानं हेड जाड काचेवर पालथं ठेवलं आणि फटीतून पातळ पात्या सरकवून पाहिल्या. माझा जीव भांड्यात पडला. इथं कुणीतरी मोजत होतं.

"काम कुनाकडं हाय?" त्यानं विचारलं.

"लासुर्ण्याच्या तात्यांकडे."

त्याचा हात थांबला. "तात्या परत बसलं व्हय?" एवढंच म्हणून त्यानं आधीच्या तिघांची कामं बाजूला ठेवली आणि माझं हेड यंत्रावर चढवलं. तोवर मी नवं गॅस्केट आणलं आणि एका गाड्यावर उसाचा रस प्यायलो. आमच्याकडे रसात आलं-लिंबू घालून त्याला सरबताची कळा आणतात. इथं विचारलं, लिंबू? तर रसवाला म्हणाला, "कशाला? ऊस चांगला हाय की." मला ते पटलं.

सोमेश्वरनगर

तिसऱ्या दिवशी सकाळी विलासनं आणि मी हेड उचलून ठेवलं आणि तात्या पुढं सरले. मी माझा टॉर्क रेंच पुसून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, तोलून पाहिला, आणि परत दिला.

"चांगला हाय. पर ह्याला समदं यकदमच पायजे असतं."

मग त्यांनी आपला लांब दांड्याचा पाना घेतला. अठरा बोल्ट. मधल्यापासून सुरुवात, मग एक अलीकडचा, एक पलीकडचा, कडेला शेवटी. तीन फेऱ्या. उजवा हात त्यांनी हेडवर नुसता टेकवून ठेवला होता, आणि दर बोल्टाला डोळे मिटत होते. मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण त्यात डोळे मिटण्याविषयी काही नव्हतं.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. धूर नाही, बुडबुडा नाही. मी बॅग उचलली.

"कुठं?" तात्या म्हणाले.

"बार्शीला."

"ह्यो पैला हात झाला, पाव्हणं. आता दोनशे किलोमीटर फिरून या. ग्यासकेट तापंल, निवंल, बसंल. मग दुसरा हात. त्याबिगर गाडी माझ्या दारातनं जात न्हाय. आन सोमेश्वरनगरच्या वाटंनं जा. ट्रॉल्यांच्या मागं ऱ्हावं लागतं. चाळीसच्या वर जाताच येत न्हाय. इंजिनाला तसलंच पायजे."

नवं काम अर्धवट ठेवून गिऱ्हाइकाला उसाच्या ट्रॉल्यांमागं हिंडायला पाठवायचं, ही इथली रीत मी प्रथमच पाहिली. पुस्तकातही नंतर पुन्हा आवळावं असं एका ओळीत आहे, पण पुस्तक दार अडवून बसत नाही.

ट्रॉल्या म्हणजे रस्त्यावरून चाललेली शेतंच. पुढच्याचा कर्णा एक गाणं म्हणतो, मागच्याचा दुसरं, आणि दोन्हींच्या मधे आपण. सोमेश्वरनगरला मळीचा गोडसर आंबूस वास गाव यायच्या आधीच येतो. ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांजवळ, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांजवळ, जीप निववायला थांबलो, तर एका बाईनं न विचारता चहा पुढं केला. ती आष्टीकडची होती.

"तुमी कुठलं?"

"चिपळूणचा. समुद्राकडचा."

"ऊस हाय का तितं?"

"नाही."

"मग हंगामात लोक जात्यात कुठं?" तिनं विचारलं. मुंबईला, असं मी सांगितलं. तिनं मान हलवली, जणू काही दोन्ही गोष्टी सारख्याच. चहा फार गोड होता. साखरेच्या दारात राहणारे लोक साखर कमी घालत असतील असं मला उगाच वाटलं होतं.

संध्याकाळी लासुर्ण्यात परत. तात्यांनी फक्त काटा कुठपर्यंत गेला ते विचारलं. "निम्म्यावर," मी म्हणालो. ते खाटेवर आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले.

बावडा

उरलेल्या शंभर किलोमीटरसाठी वहिनींनी काम शोधून ठेवलंच होतं. बावडा हे त्यांचं माहेर. संक्रांत होऊन आठवडा झाला तरी तिळाच्या वड्या भावाला पोचल्या नव्हत्या. डबा माझ्या शेजारच्या सीटवर बसला.

वाटेत इंदापूरला जेवलो. उजनीच्या पाण्यातली चिलापी तळून मिळते. समुद्रकाठच्या माणसानं गोड्या पाण्यातल्या माशाला नावं ठेवायचीच असतात, तशी मी ठेवली, आणि मग दुसरी मागवली. काटे खूप, पण तिखट लावायचा हात चांगला.

वहिनींचे भाऊ, त्यांना सगळे आबा म्हणतात, बावड्याबाहेर मळ्यात राहतात. ढोबळी मिरची आणि टोमॅटो. त्यांनी मला वाफ्यावाफ्यातून फिरवलं, ठिबकची नळी उचलून दाखवली, आणि मला मिरचीतलं काही कळत नाही हे कळल्यावर गाडीवर आले.

"दाजींचा हात म्हंजी काय सांगू," ते म्हणाले. "त्यांनी आवळलेलं बोल्ट सोडाया दोन मानसं लागायची. पर त्यो उजवा. डावा शेवटी डावाच की वो."

हे वाक्य माझ्या डोक्यात रात्रभर फिरलं. सकाळी सहाला उठलो. मळ्यावर धुकं होतं, इंजिन थंडगार. अठरापैकी बाहेरच्या बाजूचे चार बोल्ट कव्हर न काढता हाताला लागतात. मी टॉर्क रेंच काढला, पुस्तकातला आकडा लावला, आणि पहिल्या बोल्टावर ठेवला. बोल्ट 'खट्' व्हायच्या आधीच फिरला. म्हणजे कमी होता. दुसरा कमी. चारही कमी.

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त समाधान वाटलं, हे कबूल करतो. माझंच खरं निघालं होतं. मी चारही बोल्ट आकड्यापर्यंत आवळले. चार वेळा 'खट्' झालं. हात पुसले आणि आबांकडे निवांत पोहे खाल्ले.

बावडा सोडून दहा-बारा किलोमीटरवर काटा चढायला लागला.

पुन्हा लासुर्णे

इंदापूर ते लासुर्णे मी पाच वेळा थांबलो. गाडी निववायची, कोमट पाणी मागून आणायचं, घालायचं, पुढं जायचं. लोकांनी पाणी दिलं, एकानं तर पेरूसुद्धा दिले. हेडच्या आतल्या बाजूच्या कडेवर, मी हात न लावलेल्या बाजूला, पाण्याचे थेंब जमत होते.

शेडसमोर पोचलो तेव्हा विलास दारातच होता, शेजारचे तिघे-चौघेही. त्यानं थेंबांकडे बघितलं आणि घरातून पोतं आणलं. खिळ्यावरचा पहिला पाना काढून त्यात टाकला. मग दुसरा. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तो रडवेला झाला होता.

"मी म्हनलं व्हतं, तात्या."

"गाडी निवू दे," तात्या म्हणाले. "काय झालंय ते बघून मग टाक."

दुपार उलटल्यावर त्यांनी पाना लावला आणि बोल्ट एकेक करून सोडायला सुरुवात केली. इंजिन दोन दिवस तापलं आणि रात्री निवलं की बोल्ट आपल्या जागी धरून बसतो, आणि सोडताना आधी एक कोरडा आवाज करतो, टक्. मधला बोल्ट, टक्. त्याच्या पलीकडचा, टक्. असे चौदा झाले. मग बाहेरच्या बाजूचा पहिला. तो आवाज न करता सुटला. तात्या थांबले. दुसरा लावला, तोही मुकाट सुटला. तिसरा, चौथा, तसेच.

त्यांनी पाना खाली ठेवला. "ह्या चार बोल्टांस्नी दुसऱ्या कुनाचा तरी हात लागलाय."

शेजारचा एक जण नुसता हसला. विलासनं खाली बघितलं. "तात्या, ऱ्हाऊ द्या आता," तो हळू म्हणाला. "कुनाचा हात लागनार हाय?"

तेव्हा मला नीट कळलं. मी गप्प बसलो तर म्हातारा माणूस सबब सांगतोय, एवढंच सगळे धरून चालणार होते, आणि पोतं भरणार होतं. तात्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी किती वेळ गप्प होतो ते सांगता येत नाही. आयुष्यात एवढी एक गोष्ट मी मोजली नाही, आणि मोजायची हिंमतही नव्हती. मला लाज वाटली, इतकी की गाडी तिथंच टाकून एसटीनं जावं असं वाटलं.

मी मागची पेटी उघडली, टॉर्क रेंच काढला आणि विलासच्या हातात दिला.

"यानं. आज सकाळी, बावड्यात. ते चार मी आवळले."

विलासनं तो उलटसुलट करून पाहिला. मग तात्या म्हणाले, "का?"

"आकडा कमी दाखवत होता."

"कमीच ठिवला व्हता. पैला हात कमीच असतुया. चारी बाजूनं सारका कमी." ते आपल्या खाटेकडे वळले. "ही बाज बघा. एका अंगानं सुंबं वडलं की दुसरं अंग उचलतं का न्हाय? तसं हेड उचललं आन ग्यासकेट फुटलं. तुमचा पाना खोटं बोलला न्हाय. तुमी त्याला अर्धीच गोष्ट इचारली."

विलासनं पोत्यातले दोन्ही पाने काढले, शर्टाला पुसले आणि खिळ्यांना परत टांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः मोटारसायकलवरून बारामतीला गेला आणि नवं गॅस्केट घेऊन आला. हेड त्यानंच उचललं. मला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

तात्यांनी पुन्हा अठरा बोल्ट आवळले, तीन फेऱ्यांत, डोळे मिटून. नंतर माझ्याकडे बोट केलं. "दोनशे किलोमीटर. तीच वाट. आन त्यो पाना हितंच ठिवून जा."

बहिणीचा फोन आला. "गाडीला माहेर सापडलंय का रे तिकडं?" मी म्हटलं, तसंच समज.

पुन्हा ट्रॉल्या, पुन्हा दोन गाणी. सोमेश्वरनगरला त्या बाईनं मला ओळखलं आणि मी वाट चुकलोय असं समजून चिपळूणचा रस्ता सांगायला लागली. बावड्याला आबांना मी सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "म्हंजी मीच बोललो ते भवलं." मी त्यांना म्हटलं, तुम्ही बोललात, पण पाना फिरवला मी. काटा दोन्ही दिवस निम्म्यावरून हलला नाही.

शेवटच्या सकाळी दुसरा हात. गाडी रात्रभर निवलेली. तात्या प्रत्येक बोल्ट किंचित सोडायचे आणि लगेच पूर्ण आवळायचे. मी मनात मोजत होतो. टक्. टक्. समोर विलास उभा होता, आणि त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत होता.

"अठरा," तो म्हणाला. आणि आतल्या घराकडे तोंड करून ओरडला, "आई, च्या टाक!"

बार्शीला पोचल्यावर पेटी उघडली, तेव्हा कळलं की टॉर्क रेंच लासुर्ण्यातच राहिला. मी मागितला नव्हता, त्यांनी दिला नव्हता. महिन्याभरानं मी फोन केला. तात्यांच्या दारात दोन ट्रॅक्टर उघडून पडले आहेत, असं वहिनींनी सांगितलं, आणि फोन तात्यांकडे दिला. मी पान्याविषयी विचारलं.

"हाय की. रोज लावून बघतो," तात्या म्हणाले. "चांगला हाय पाना तुमचा. माझ्या हाताशी जुळतोय."